प्लगताईचं ‘जतन झालं’

प्लगताई खोलीत शिरली की आमच्या कारखान्यातली निम्मी माणसं टेबलाखाली हात घालून आपापला प्लग धरून बसायची. थट्टा म्हणून हो! पण त्या थट्टेत चिमूटभर भीतीही होती. एकदा तिने भलताच प्लग ओढला आणि केबिनमधून साहेब ओरडले, “अरे, सगळा डाव गेला माझा!” कसला डाव, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. पत्त्यांचा होता. मी काचेतून पाहिला होता.

मला सगळंच दिसायचं. आमचा कारखाना टायरच्या दुकानावर, दोन मजल्यांत. जिना चढताना रबराचा वास, वर आलं की तापलेल्या सोल्डरचा. माझं टेबल जिन्याच्या तोंडाशीच. कोण कुणाशी हसत वर आलं, कोण कुणाशी न बोलता खाली गेलं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून. बोर्डावर सोल्डरिंग करायला डोळे लागतात, कान मोकळेच असतात. तेव्हा प्लगताईची ही हकिगत मी मनाने रचून सांगत नाही. जिथे मी नव्हते, तिथलं तिनेच मला सांगितलंय.

ठेंगणी बाई. केस पेन्सिलीने वर खोचलेले, आणि तीच पेन्सिल दिवसभर शोधायची. “मावशी, माझी पेन्सिल बघितलीत?” मी म्हणायचे, “कुठे गेली असेल बाई!” आणि माझ्या शेजारचीला कोपर मारायची. संध्याकाळपर्यंत तो खेळ चालायचा. चहा तिने कधी गरम प्यायल्याचं मला आठवत नाही.

आम्ही बनवायचो डबे. औषधं आणि लसी थंड ठेवायच्या खोल्या असतात ना, त्यांच्या भिंतीवर लावायचे. आतलं तापमान मोजायचं आणि नखाएवढ्या कार्डावर लिहून ठेवायचं, एवढंच डब्याचं काम. शिवाय एक बटण. खोली सांभाळणारी बाई फेरी मारून आली की ते दाबायची. म्हणजे ‘मी आले, पाहिलं, दार नीट लागलंय’ अशी तिची हजेरी डबा लिहायचा आणि पडद्यावर अक्षरं यायची: ‘जतन झालं’.

त्या दोन शब्दांच्या मागे प्लगताई उभी असायची. डब्यातला बाकीचा प्रोग्राम कुणीकुणी लिहिलेला, पण कार्डाशी बोलायचं ते तिच्या फंक्शनांनी. फाइल उघडायची, तिच्यात लिहायचं, तिच्यातून वाचायचं, शेवटी बंद करायची. अगदी तळातलं काम. याला ते लोक लायब्ररी म्हणतात. इतरांनी वरून नुसती हाक मारायची: उघड, लिही, बंद कर. कार्डाच्या पोटात पुढे काय उलथापालथ होते, त्याची काळजी हिची.

जेवणाच्या सुट्टीत मी एकदा विचारलं, “अगं, पण लिहायचं तर लिहायचं, त्यात एवढं काय डोकं खाजवायचं?”

“मावशी, तुमचे हे भांडी घासतात?”

“घासतात म्हणतात.”

“सिंकमध्ये ठेवतात, वरून पाणी सोडतात आणि बाहेर येऊन बसतात. बरोबर? आणि तुम्ही विचारलंत की काय म्हणतात?”

“झालं म्हणतात!”

“तो सिंक म्हणजे बफर. प्रोग्राम म्हणतो लिही, फंक्शन म्हणतं लिहिलं. कुठलं काय! अजून सगळं मधल्या बफरमध्ये पडलेलं असतं. थोडं साठलं की एकदम कार्डावर न्यायचं, म्हणजे फेऱ्या वाचतात. त्यात वाईट काही नाही. पण तेवढ्यात वीज गेली तर? बफरमधलं सगळं पुसलं. आणि तुम्ही तर पाहुण्यांना सांगून बसलात की ताटं घासून मांडून ठेवलीयत.”

म्हणून तिचं लिहायचं फंक्शन वेगळं होतं. ते आधी बफर रिकामा करायचं, मग कार्डाच्या दाराशी उभं राहायचं, आणि ‘उमटलं’ असं कार्डाने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावरच ‘झालं’ म्हणायचं. काही कार्डंसुद्धा चालू असतात म्हणे, उमटायच्या आधीच हो म्हणून मोकळी होतात. तसली ती परत पाठवायची.

आणि हे सगळं खरं की नाही ते पाहायला तिची ती रीत. तिच्या टेबलावर चाचणीचा एक डबा कायम असायचा. प्रोग्राममध्ये कुणी काही बदल केला की तो त्या डब्यात भरायचा, बटण दाबायचं, ‘जतन झालं’ अक्षरं आली रे आली की प्लग ओढायचा. डब्यावरचा हिरवा दिवा फुंकर मारल्यासारखा विझायचा. मग पुन्हा चालू करायचा आणि शेवटची नोंद शोधायची. ती सापडली तरच तो प्रोग्राम बाकीच्या डब्यांत जायचा. प्लग ओढायचा मान दुसऱ्या कुणाला नव्हता.

दुसरा तिचा ताप म्हणजे उत्तराचा. फंक्शन काम करून उत्तर देतं, जमलं किंवा नाही जमलं. आमची पोरंसोरं हाक मारायची आणि उत्तर न बघता पुढे जायची. मग ही भडकायची. “विचारता कशाला मग? ते बिचारं ओरडून सांगतंय नाही जमलं, आणि तुम्ही कान बंद करून बसलात!” हे वाक्य लक्षात ठेवा. मला पुढे ते लागणार आहे.

आता तिच्या घरात डोकावू. नवरा चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांना लांबची अक्षरं वाचायला लावायचा. गरीब माणूस, म्हणजे स्वभावाने. कुणी दोघं भांडायला लागले की हा काचा पुसत बसायचा. आणि त्यांच्याबरोबर राहायचा धाकटा दीर. देखणा, बोलायला खडीसाखर. हातात काही काम टिकत नव्हतं. प्लगताईनेच त्याला जेवणाच्या टेबलावर बसवून प्रोग्रामिंग शिकवलं, आणि आमच्याकडे चिकटवलाही तिनेच. कारखान्यातसुद्धा तो तिला वहिनीच म्हणायचा. “वहिनी, बघता का जरा?” अशी हाक आली की हिचा चेहरा फुलायचा. स्वतःचं मूल नव्हतं, बहुतेक तेही असेल. मी काही विचारलं नाही. म्हणजे विचारलं होतं, तिने उत्तर दिलं नाही.

सुरुवातीला त्याची एक खोड होती. फाइल उघडायची आणि बंद करायचं विसरायचं. उघड्या फाइलींचा ढीग झाला की डबा नवी फाइल उघडायला नकार द्यायचा आणि सगळं ठप्प. प्लगताई म्हणायची, “भावोजी, दार उघडलंत तुम्ही, लावायचं कुणी?” तो हसून म्हणायचा, “तुम्ही आहात की.” घरी फ्रिजचं दारही तो उघडंच टाकायचा, असं तिनेच सांगितलं. कौतुकाने सांगितलं. बायकांना आपल्या माणसाच्या खोडीचंही कौतुक असतं. मी नाक मुरडलं की म्हणायची, “शिकेल हो मावशी.”

आणि शिकला तो. चांगलाच शिकला.

मग एका मोठ्या इस्पितळाची मागणी आली. तिथे थंड खोल्याच खोल्या. नमुन्याचे डबे लावले आणि तक्रार आली, की बटण दाबल्यावर पडद्यावर ‘थांबा’ येतं. त्या गारठ्यात बाया हात काखेत घालून ताटकळत उभ्या. दुसऱ्या कंपनीचा डबा म्हणे बोट उचलायच्या आत ‘झालं’ म्हणतो.

साहेब तिच्या टेबलाशी आले. “ताई, ते ‘थांबा’ काढता येईल का हो?”

“येईल की. मग ‘जतन झालं’पण काढा.”

“अहो, असं काय करता?”

“साहेब, कार्ड उमटवायला वेळ घेतं. ती थांबते म्हणून तर आपण शपथेवर सांगू शकतो. दुसऱ्यांचा डबा थापा मारतो, म्हणून तो चपळ.”

साहेब केबिनमध्ये गेले. थोड्या वेळाने त्यांनी दिराला आत बोलावलं. दार लागलं. आमच्या केबिनचं दार सहसा लागत नाही, म्हणून मी हातातली इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची हो, खाली ठेवली आणि पाहत राहिले. काचेतून साहेबांची मान हलताना दिसली, एवढंच. काय बोलले ते मात्र, माझं दुर्दैव, ऐकू आलं नाही.

काही दिवसांनी दीर हसत हसत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “वहिनी, काम फत्ते! नव्या जातीचं कार्ड मिळालंय. भलतंच वेगवान. तुमच्या फंक्शनला हातही लावावा लागला नाही. ओढा प्लग!”

तिने ओढला. नोंद होती. पुन्हा ओढला. नोंद होती. सगळा मजला जमला. ती वेगवेगळ्या चालीने ओढत होती, कधी अक्षरं उमटता उमटता, कधी बटणावरचं बोट उचलायच्या आत. नोंद जागच्या जागी! बाईच्या डोळ्यांत पाणी आलं हो. सगळ्यांना चहा पाजला आणि मोठ्याने म्हणाली, “आज माझा दीर माझ्या पुढे गेला.” दीर वाकून नमस्कार करायला गेला, तर हिने त्याला वरच्या वर उचलला. तो चहा तिने गरम प्यायला. तेवढा एकदाच.

डबे इस्पितळात गेले. बाया खूश, साहेब खूश. दिराला स्वतंत्र टेबल मिळालं, खिडकीशी.

आणि मग तिथल्या एका खोलीत भानगड झाली. दुपारी वीज गेली, जनरेटर लागायला उशीर झाला. वीज आल्यावर पाहतात तर डब्यात सकाळपासूनच्या नोंदी नाहीत. ना तापमान, ना भांडारबाईच्या हजेऱ्या. भांडारबाई म्हणजे ती खोली सांभाळणारी. खोली कधी तापली, किती तापली, कळायला मार्ग नाही. लसी फेकून द्याव्या लागल्या. भांडारबाई म्हणाली, मी सगळ्या फेऱ्या मारल्या, दर वेळी बटण दाबलं, दर वेळी ‘जतन झालं’ आलं. वरचे म्हणाले, मग नोंद कुठे आहे?

इस्पितळाने आमच्याकडे विचारणा केली, की डबा नोंद गिळू शकतो का? साहेबांनी दिराकडे पाहिलं, दिराने वहिनीकडे.

“वहिनी, तुम्हीच जा. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे.”

ती गेली. तिथल्या औषधविभागाच्या प्रमुखांची खोली, पांढरं टेबल. टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला ही, आणि दाराशी उभी ती भांडारबाई. तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. गणवेशावर घरचा विटका स्वेटर.

प्रमुखांनी विचारलं, “डबा ‘जतन झालं’ म्हणाला आणि नोंद नाही, असं होऊ शकतं?”

“नाही,” प्लगताई म्हणाली. “ते फंक्शन मी लिहिलंय. कार्डावर उमटल्याशिवाय ते ‘झालं’ म्हणतच नाही. नोंद नाही, याचा अर्थ बटण दाबलेलं नाही.”

“आणि तापमान? ते तर आपोआप लिहिलं जातं ना?”

“डबाच बंद राहिला असणार. कुणीतरी भिंतीवरचं प्लगचं बटण चालू करायचं विसरलं असेल.”

“मी दाबलं हो बाई,” दारातून आवाज आला. “पडद्यावर वाचलं मी. डोळ्यांनी वाचलं.”

प्लगताईने नकारार्थी मान हलवली. वाईट वाटून हलवली, पण हलवली. भांडारबाईला कामावरून काढलं.

संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी थांबली. “मावशी, बाई खोटारडी वाटत नव्हती हो. पण माझं फंक्शन तर खोटं बोलत नाही.” मी म्हटलं, “अगं, फंक्शनची एवढी खात्री, जशी काही पोटची पोर!” ती हसली नाही. पेन्सिल शोधत निघून गेली. पेन्सिल डोक्यातच होती, पण त्या दिवशी मी सांगून टाकलं.

त्या खोलीतला डबा इस्पितळाने आमच्याकडे परत पाठवला. दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा होता. तो प्लगताईच्या टेबलावर आला. हात सवयीचा. तिने बटण दाबलं, लगेच ‘जतन झालं’ आलं, तिने प्लग ओढला. दिवा फुंकर मारल्यासारखा विझला. पुन्हा चालू केला. नोंद नव्हती.

तिला वाटलं, कार्ड खराब असेल. दुसरं घातलं. नोंद नाही. तिसरं घातलं. नाहीच. मग तिने शेजारचा, चाचणीचा तो डबा ओढला, ज्याच्यावर एवढी शाबासकी दिली होती. नोंद आहे! पण आता तिची नजर दिव्यावर गेली. या डब्याचा दिवा फुंकर मारल्यासारखा विझत नव्हता. तो हळूहळू मंद होत गेला, डुलकी लागलेल्या माणसाच्या पापण्या मिटतात तसा.

तिने दोन्ही हातांत दोन डबे घेतले. चाचणीचा डबा जड.

ती तो तसाच उचलून माझ्याकडे आली. “मावशी, उघडा.”

मी उघडला. आत एका कोपऱ्यात चपटी बॅटरी, गोंदाने चिकटवलेली, आणि दोन तारा जोडलेल्या.

“हे तुमचं काम?”

“माझं?” मी भडकलेच. “हे असं बटाट्याएवढं सोल्डरिंग मी करते? डोळे फुटले तरी करणार नाही! हे कुण्या शिकाऊचं आहे.”

तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. प्लग ओढला तरी बॅटरीवर डबा दोन श्वास जिवंत राहत होता, आणि तेवढ्यात बफरमधलं निवांत कार्डावर जात होतं. इस्पितळातल्या डब्यांत बॅटरी नव्हती. जी चाचणी ती डोळ्यांत तेल घालून करत होती, ती तिच्यासाठी मांडलेला भातुकलीचा खेळ होता.

मग तिने आपलंच फंक्शन उघडून वाचलं. तिने ते कित्येक दिवसांत वाचलं नव्हतं, कारण स्वतःच्या घराचा पत्ता कुणी वाचतो का? बफर रिकामा करायची ओळ गेलेली. कार्डाचं उत्तर येईपर्यंत थांबायची ओळ गेलेली. शेवटचं ‘झालं’ तेवढं जागेवर. आणि अगदी वर, लिहिणारीचं नाव म्हणून, तिचं नाव.

त्या संध्याकाळी घरी जेवायला तिघं बसले. तिने ठरवलं होतं की आरडाओरडा करायचा नाही.

“भावोजी,” ती म्हणाली, “चाचणीच्या डब्याचा दिवा हल्ली उशिरा विझतो.”

दीर पानातून वर बघेना. नवऱ्यालाच शांतता सोसवेना. “अगं, एवढीशी तर बॅटरी आहे ती. एवढं काय त्यात!”

घास तिच्या हातातच राहिला.

“मी बॅटरी म्हटलं नाही अजून.”

नवऱ्याने चष्मा काढला आणि पुसायला लागला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“स्क्रू बारीक होते,” तो म्हणाला. “माझ्या दुकानातला स्क्रूड्रायव्हर मागितला त्याने. मी विचारलं कशाला, तर सांगितलं. घरात भांडण नको म्हणून मी…”

“वहिनी, आधी ऐकून घ्या,” दीर म्हणाला. “साहेबांनीच सांगितलं होतं. प्रत्येक डब्यात बॅटरी टाकली तर डबा महाग होतो. ते म्हणाले, वीज काय रोज जाते?”

“आणि माझ्याच डब्यात तेवढी टाकलीत. कशाला?”

“तुम्ही ‘नाही’ म्हणाला असतात. तुम्ही हो म्हटल्याशिवाय डबे बाहेर जात नाहीत.” मग आवाज मऊ करून, अगदी तो ‘बघता का जरा’वाला आवाज काढून म्हणाला, “आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तुमचं फंक्शन बिघडवलं असं वाटलं असतं तुम्हाला.”

“मग इस्पितळात मला का पाठवलंत?”

तो पानातला भात कालवत राहिला. उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. तिच्या शब्दाला वजन होतं ना!

दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये गेली. या वेळी दार उघडं होतं आणि मी पूर्ण कामावर होते, म्हणजे कानांनी. साहेब म्हणाले, “ताई, हळू बोला. पुढच्या दुरुस्तीत गुपचूप नीट करू. ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून पाठवू.”

“आणि ती बाई?”

“तिचं ते बघतील. आपण त्यात कशाला पडायचं?”

“पडायचं कशाला म्हणजे? मीच ढकललंय तिला.”

ती बाहेर आली, इस्पितळाचा तो डबा पिशवीत घातला आणि जिना उतरली. जाताना दिराच्या टेबलाजवळून गेली. तो उभा राहिला. “वहिनी…” तिने पाहिलंही नाही. मी पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हो, खोटं कशाला सांगू? पण त्याच्या डोळ्यांत पाणी लगेच यायचं.

इस्पितळात तिने प्रमुखांना सांगितलं, की भांडारबाईला बोलवा, ती आल्याशिवाय मी बोलणार नाही. बाईला घरून बोलावून आणली. तोच स्वेटर. या वेळी प्लगताईने स्वतः खुर्ची ओढून दिली. ती बसली नाही.

प्लगताईने डबा टेबलावर ठेवला, जोडला आणि म्हणाली, “ताई, बटण दाबा.”

भांडारबाईने दाबलं. ‘जतन झालं’.

प्लगताईने प्लग ओढला. पुन्हा लावला. पडदा उजळला. नोंद नव्हती.

“या खरं बोलत होत्या,” ती प्रमुखांना म्हणाली. “डबा खोटं बोलतो. माझ्या फंक्शनमधल्या ओळी काढून टाकल्या आहेत, आणि ते मला कळू नये अशी व्यवस्था केली होती.”

“कुणी?”

“माझ्या दिराने. साहेबांच्या सांगण्यावरून.” तिने काही झाकलं नाही. नवऱ्याचं नाव मात्र घेतलं नाही. त्याचा स्क्रूड्रायव्हर तेवढा तिच्या पोटात राहिला.

प्रमुख कागद ओढून लिहायला लागले. भांडारबाई डब्याकडे बघत होती. मग प्लगताईकडे वळून म्हणाली, “बाई, आत्ता तुम्ही मला बटण दाबायला सांगितलंत.”

“हो.”

“त्या दिवशी का नाही सांगितलंत? डबा तर तेव्हाही माझ्या थंड खोलीच्या भिंतीवरच होता. दोन पावलांवर.”

मी तुम्हाला एक वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं होतं ना, ते उत्तर न ऐकण्याचं. प्लगताईला ते तिथेच आठवलं. मला सांगताना ती तिथे येऊन थांबायची. पुढे काय म्हणालीस, विचारलं की पेन्सिल शोधायला लागायची.

भांडारबाईला काम परत मिळालं. दुसऱ्या खोलीत. डबे सगळे परत आले, ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून गेले, आणि साहेबांनी त्याची जाहिरातही केली. धन्य आहे! प्लगताईला कुणी काढलं नाही. तिच्याशी बोलणं बंद झालं, इतकंच. नवा प्रोग्राम कधी तयार झाला, कधी बाहेर गेला, तिला कुणी सांगेना. चाचणीचा डबा तिच्या टेबलावरून उठून खिडकीशी गेला. मग तीच उठली. आता घरून लोकांचे बिघडलेले प्रोग्राम दुरुस्त करून देते.

दीर वेगळा राहतो. दुसऱ्या कंपनीत मोठ्या खुर्चीवर बसलाय. मुलाखतीत म्हणे वहिनीची लायब्ररी आपली म्हणून दाखवली. हे मला कुणी सांगितलं ते मी सांगणार नाही, पण खात्रीचं आहे. नवरा हल्ली भांडी खरंच घासतो. घासून एकेक ताट तिच्यासमोर धरतो. ती बोट फिरवून बघते. आम्ही एकाच गल्लीत राहतो, म्हणून हे दृश्य मी खिडकीतून पुष्कळदा पाहिलंय. हसू येतं, आणि मग येत नाही.

परवा आम्ही दोघी औषधाच्या दुकानात गेलो. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या. फ्रिजशेजारी नवाकोरा डबा, दिराच्या नव्या कंपनीचा. औषधवाल्याने फ्रिज उघडला, लावला, बटण दाबलं. लगेच ‘जतन झालं’.

प्लगताई काउंटरच्या कडेने आत शिरली.

“अहो, अहो! हात नका लावू त्याला!” औषधवाला ओरडला.

“गप्प बसा हो,” मी म्हटलं, “ही डॉक्टर आहे डब्यांची.” तोवर प्लग तिच्या हातात होता.

मी दिव्याकडे बघितलं. तो हळूहळू मंद झाला. डुलकी लागल्यासारखा. तिने पुन्हा लावला, खाली वाकून पडद्यावरची शेवटची नोंद वाचली.

“आहे,” ती म्हणाली.

“बघा!” औषधवाला म्हणाला. “उगाच जीव घाबरवलात माझा.”

बाहेर येताना मी तिला डिवचलं. “सगळ्या डब्यांत बॅटरी घातली वाटतं त्याने. सुधारला म्हणायचा तुझा भावोजी!”

ती रस्त्यातच उभी राहिली. “मावशी, त्याची कल्पना चांगलीच होती. बॅटरी असली की थांबायची गरजच पडत नाही. मी दोन ओळी बदलल्या असत्या, साहेबांशी मीच भांडले असते प्रत्येक डब्यात घालण्यासाठी. वर त्याचं नाव घातलं असतं. त्याने मला नुसतं सांगायला हवं होतं हो. रोज समोरच तर जेवायला बसायचा.”

आणि चालायला लागली. माझ्या गोळ्यांची पिशवी तिच्याकडे दिली होती, ती तिथेच काउंटरवर विसरली. मी परत जाऊन ती घेतली आणि तिच्या मागे निघाले. पेन्सिल तिच्या केसांत होती. त्या दिवशी तिने ती विचारलीच नाही.